घरी लिहिलेली पत्रे आणि प्रवासाचे आराखडे : जॉन पेंडलबरी यांच्या ग्रीसमधील लेखनाचे वाचन

प्रस्तावना

पत्र हे इतिहासाचे साधन म्हणून वाचावे की वाङ्मय म्हणून, हा प्रश्न मराठी अभ्यासकांना नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हा बखरीच्या तुलनेत समकालीन अस्सल पत्राचे मोल त्यांनी आग्रहाने प्रतिपादन केले. या भेदाचा एक अर्थ असा करता येतो की, बखरकाराला कथेचा शेवट ठाऊक असतो आणि पत्रलेखकाला तो ठाऊक नसतो. बखरीतील प्रत्येक प्रसंग शेवटाकडे तोंड करून उभा असतो. पत्रातील प्रसंग मात्र त्या दिवसापुरता असतो. उद्याचा दिवस त्याला अज्ञात असतो.

हा निकष राजकीय पत्रव्यवहाराबाहेर नेला आणि एखाद्या तरुण संशोधकाने परदेशातून आपल्या घरी लिहिलेल्या पत्रांना लावला, तर काय हाती लागते? प्रस्तुत लेखात जॉन डेव्हिट स्ट्रिंगफेलो पेंडलबरी (१९०४-१९४१) या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांच्या ग्रीसमधील लेखनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. क्रीट बेटाच्या युद्धात पेंडलबरी मारले गेले आणि त्यानंतर त्यांच्याभोवती वीरकथेचे दाट वलय निर्माण झाले. त्यांची तरुणपणीची पत्रे व प्रवासाचे आराखडे बहुतेक वेळा या वलयाच्या प्रकाशात वाचले गेले आहेत. तसे वाचन या लेखनावर अन्याय करते, आणि त्यात एका शास्त्रीय पद्धतीचा उगमही झाकला जातो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

लेखक आणि साधने

पेंडलबरी यांचा जन्म लंडनमध्ये १९०४ साली झाला. वडील हर्बर्ट पेंडलबरी हे शल्यचिकित्सक होते. आईचे माहेर जहाजमालकांचे होते. जॉन हे त्यांचे एकुलते एक अपत्य. लहानपणी झालेल्या इजेमुळे त्यांचा एक डोळा गेला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. १९२१ मध्ये त्यांची आई निवर्तली. विंचेस्टर येथील शाळेत असताना १९२३ साली त्यांनी ग्रीसचे पहिले दर्शन घेतले. केंब्रिजच्या पेंब्रोक महाविद्यालयात ते अभिजात विद्यांचे विद्यार्थी होते आणि उंच उडीतील विद्यापीठाचे नामांकित खेळाडूही होते. १९२७ मध्ये विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून ते अथेन्समधील ब्रिटिश स्कूल या संशोधनसंस्थेत दाखल झाले. तेथेच त्यांची हिल्डा व्हाइट या अभ्यासक स्त्रीशी ओळख झाली. हिल्डा त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठ्या होत्या. १९२८ मध्ये दोघांचा विवाह झाला.

पुढील वाटचाल विलक्षण वेगवान आहे. १९२९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, क्नोसॉस येथील अभिरक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. सर आर्थर एव्हन्स यांनी तेथील आपली मालमत्ता १९२६ मध्ये ब्रिटिश स्कूलला दिली होती. पेंडलबरी यांच्याकडे तिची देखभाल आली. १९३० पासून इजिप्तमधील तेल एल-अमार्ना येथील उत्खननाचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. हिवाळ्यात इजिप्त आणि वसंतात क्रीट असा हा क्रम १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला.

या लेखाच्या दृष्टीने दोन साधने महत्त्वाची आहेत. पहिले साधन म्हणजे जॉन व हिल्डा यांनी घरी लिहिलेली पत्रे. ती अथेन्सच्या ब्रिटिश स्कूलच्या दप्तरात पेंडलबरी कुटुंबाच्या कागदपत्रांत जतन केलेली आहेत. जॉन यांच्या तरुणपणीच्या पत्रांचे प्रमुख वाचक त्यांचे वडील होते. दुसरे साधन म्हणजे केंब्रिज येथे १९४८ साली खासगी वितरणासाठी छापलेले एक छोटे पुस्तक. त्यात पेंडलबरी यांनी क्रीटमधील प्रवासाविषयी लिहिलेल्या सूचना आणि १९२८ मधील पूर्व क्रीटच्या पहिल्या प्रवासाचा वृत्तान्त आहे. त्यांना जोडून निकोलस हॅमंड व टॉम डनबॅबिन यांचे गौरवलेखही छापले आहेत.

प्रवासाचा आराखडा : एक दुर्लक्षित लेखनप्रकार

प्रवासवर्णनाची समीक्षा आपल्याकडे विपुल झाली आहे. प्रवासाच्या आराखड्याची मात्र झालेली नाही. आराखडा हे उपयुक्त टिपण असते आणि प्रवास संपताच ते टाकून दिले जाते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आराखडा हा भविष्यकाळात लिहिलेला मजकूर आहे. लेखकाला काय पाहण्याची इच्छा आहे आणि काय पाहण्याजोगे आहे असे तो मानतो, हे त्यातून जितके उघड होते तितके प्रवासानंतर लिहिलेल्या वर्णनातून होत नाही.

पेंडलबरी यांच्या बाबतीत आराखड्यामागे एक शास्त्रीय प्रश्न होता. ग्रीस की इजिप्त, या दोन आवडींपैकी एकीची निवड त्यांना करवत नव्हती. म्हणून दोहोंना जोडणारा विषय त्यांनी घेतला : ईजियन प्रदेशात सापडलेल्या इजिप्शियन वस्तू. हा विषय वरकरणी सूचीकाराचा वाटतो. पण क्रीटच्या प्राचीन संस्कृतीचा कालनिर्णय त्या काळी बव्हंशी अशाच वस्तूंवर अवलंबून होता. क्रीटमध्ये वाचता येण्याजोगी राजावली नव्हती, इजिप्तमध्ये होती. एखाद्या क्रीटी थरात राजाचे नाव असलेली भुंग्याच्या आकाराची मुद्रा किंवा इजिप्शियन घडणीचे दगडी पात्र मिळाले, तर त्या थराच्या काळाला एक आधार मिळे. अर्थात ती वस्तू कोणत्या गावी, कोणत्या थडग्यात वा थरात आणि कोणत्या खापरांसोबत मिळाली हे निश्चित ठाऊक असणे आवश्यक असे. त्यामुळे ग्रंथालयात बसून हा विषय पुरा होणे शक्य नव्हते. संग्रहालयामागून संग्रहालय आणि स्थळामागून स्थळ असा प्रवास त्या प्रश्नातच अनुस्यूत होता. या परिश्रमांतून १९३० साली ‘एजिप्टिआका’ हा सूचिग्रंथ प्रसिद्ध झाला.

आराखड्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे अंतर मोजण्याची रीत. क्रीटच्या डोंगराळ भागात नकाशावरचे अंतर फारसे उपयोगी पडत नाही. समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमध्ये खोल घळ असली, तर अर्धा दिवस जातो. म्हणून तेथे अंतर तासांत सांगतात. पेंडलबरी यांनी ही स्थानिक रीत उचलली आणि ती आपल्या शास्त्रीय लेखनात नेली. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्किऑलॉजी ऑफ क्रीट’ या त्यांच्या प्रमुख ग्रंथात बेटावरील वाटा आणि त्यांना लागणारा वेळ यांचे विवेचन प्रारंभीच येते. त्यानंतर नवाश्मयुगापासून रोमन काळापर्यंतच्या वसतिस्थानांची कालखंडवार मांडणी केली आहे. प्राचीन वस्ती बंदराशी जोडलेली होती की तुटलेली, दोन वस्त्यांमध्ये नित्य दळणवळण शक्य होते की नाही, या प्रश्नांची उत्तरे मैलांपेक्षा तासांतच नेमकी देता येतात. ज्या वाटेने खेचर आज जाते, त्या वाटेने कांस्ययुगातील माणूसही गेला असण्याचा संभव असतो, हे त्यामागील गृहीतक आहे.

मात्र या तासांविषयी एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. हे तास कोणाचे? उंच उडीत प्रावीण्य मिळवलेल्या, विलक्षण वेगाने चालणाऱ्या एका तरुणाचे ते तास आहेत. डोक्यावर मोळी घेतलेली स्त्री, लेकुरवाळे कुटुंब किंवा तेलाचे बुधले लादलेले जनावर त्याच वाटेला किती वेळ घेईल, हा निराळा हिशेब आहे. शास्त्रग्रंथातील वस्तुनिष्ठ वाटणाऱ्या आकड्यात ग्रंथकर्त्याचे शरीर असे नकळत शिरलेले असते. ते ओळखायचे असेल, तर ग्रंथाच्या शेजारी त्याची पत्रे ठेवून वाचावी लागतात. पत्रांचे हे मोल कुतूहल शमवण्याहून अधिक आहे.

घरचे पत्र : संबोधन, मौन आणि आश्वासन

घरी लिहिलेल्या पत्राला अनेकदा ‘निर्व्याज’ म्हटले जाते. हे विशेषण सावधपणे वापरले पाहिजे. संशोधन-अहवालाच्या तुलनेत पत्र मोकळे असते हे खरे. अहवालात ऊन, ताप, पिसवा, सहकाऱ्यांचे स्वभाव आणि फसलेले दिवस येत नाहीत. पत्रात ते येऊ शकतात. परंतु पत्राला वाचक असतो आणि तो वाचक मजकूर घडवत असतो.

येथे वाचक आहेत शल्यचिकित्सक असलेले वडील, आणि लिहिणारा आहे त्यांचा आईवेगळा, एका डोळ्याचा एकुलता एक मुलगा. अशा नात्यात दुखण्याची व अपघाताची बातमी साधेपणाने लिहिता येत नाही. ती लिहिली तर चिंता, न लिहिली तर लपवाछपवी. म्हणून घरच्या पत्रांत संकट बहुधा टळून गेल्यावर आणि थट्टेच्या सुरात सांगितले जाते. या सुराचा उगम लेखकाच्या स्वभावाइतकाच त्याच्या जबाबदारीत असतो. तरुण मुलाच्या पत्रातील उत्साह वाचून त्याला बेफिकीर ठरवणारा वाचक हे संबोधन विसरतो. उत्साह हा कित्येकदा घरच्यांसाठी केलेला उपचार असतो.

दुसरी गोष्ट टपालाची. पत्र लिहिण्याचा क्षण आणि वाचण्याचा क्षण यांत कित्येक दिवसांचे अंतर असे. ‘उद्या निघणार’ हे वाक्य वडील वाचत तेव्हा तो प्रवास बहुधा संपलेलाही असे. त्यामुळे अशा पत्रात आराखडा अपरिहार्यपणे येतो. आपण अमुक दिवशी अमुक ठिकाणी असू, पुढचे पत्र तेथून येईल, मध्यंतरी पत्र आले नाही तर काळजी करू नये, असा तो मजकूर असतो. आराखडा आणि पत्र हे दोन लेखनप्रकार येथे एकमेकांत मिसळतात. आराखडा हे घरच्यांना दिलेले आश्वासन बनतो, आणि पुढचे पत्र त्या आश्वासनाची पूर्तता करते.

तिसरी गोष्ट अधिकाराची. शिष्यवृत्तीवर आलेला विद्यार्थी हा संस्थेच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असतो. वडीलधाऱ्या संशोधकांविषयीची त्याची मते अहवालात उमटत नाहीत. उमटली तर घरच्या पत्रातच उमटतात. ज्ञानशाखेचा इतिहास लिहिणाऱ्यांना अशी मते मोलाची वाटतात, आणि ती आहेतही. परंतु त्यांना साक्षीचा दर्जा देताना ती एका पक्षाची, त्या दिवसाची आणि सहानुभूती गृहीत धरून लिहिलेली मते आहेत, हे ध्यानी ठेवले पाहिजे. विवाहानंतर हिल्डाही घरी लिहू लागल्यामुळे येथे पडताळ्याची एक सोय उपलब्ध होते. एकाच मुक्कामाविषयी दोन हातांनी लिहिलेली पत्रे एकमेकांशेजारी ठेवली, तर कोणी काय गाळले हे तपासता येते. हिल्डा या केवळ सहचारिणी नव्हत्या. लासिथीच्या पठारावरील त्रापेझा गुहा व कार्फी येथील उत्खननांच्या अहवालांवर त्यांचे नाव सहलेखिका म्हणून आहे. मर्सी मनी-कूट्स यांचेही आहे. वीरकथेत मात्र या दोघींना फारसे स्थान मिळत नाही.

शेवट ठाऊक असलेला वाचक

जून १९४० मध्ये पेंडलबरी हेराक्लिओन येथे ब्रिटिश उपवाणिज्यदूत म्हणून परतले. हे पद आवरणापुरते होते. शत्रू बेटावर उतरला तर डोंगरी गावांतील सशस्त्र लोकांना संघटित करणे, हे त्यांचे खरे काम होते. २० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले. दुसऱ्या दिवशी पेंडलबरी हेराक्लिओनच्या पश्चिम वेशीतून बाहेर पडले. लगेचच ते जखमी झाले, आणि २२ मे रोजी जर्मन सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. वय होते ३६ वर्षे.

या शेवटाने आधीचे सारे लेखन आपल्याकडे ओढून घेतले. १९४८ च्या पुस्तकाची रचनाच याची साक्ष देते. त्यात १९२८ चा वृत्तान्त आणि प्रवासाच्या सूचना या शेवट ठाऊक नसताना लिहिलेल्या आहेत. गौरवलेख शेवट ठाऊक झाल्यावरचे आहेत. हॅमंड आणि डनबॅबिन दोघेही पुराविद्येचे अभ्यासक होते, आणि दोघांनीही युद्धकाळात शत्रुव्याप्त ग्रीक भूमीवर गुप्तपणे काम केले होते. त्यांची कृतज्ञता खरी होती. परंतु एकाच बांधणीत आल्यामुळे तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा चालण्याचा आनंद हा भावी लढ्याची पूर्वतयारी असल्यासारखा वाचला जाऊ लागला. डिलिस पॉवेल यांच्या १९७३ मधील ‘द व्हिला अरियाड्ने’ या पुस्तकात उत्खनन आणि युद्ध ही दोन्ही सूत्रे एका घराभोवती गुंफलेली आहेत. क्रीटमधील लोकांच्या आठवणी त्यांनी आत्मीयतेने टिपल्या, म्हणूनच ते पुस्तक आजही वाचनीय ठरते. इमोजेन ग्रंडन यांचे २००७ मधील चरित्र पत्रांवर सविस्तर आधारलेले आहे आणि संशोधकाला न्याय देण्याचा त्यांचा प्रयत्न प्रामाणिक आहे. तथापि ‘द रॅश अॅडव्हेंचरर’ म्हणजे ‘अविचारी साहसी’ हे शीर्षक वाचकाच्या हाती आधीच एक निर्णय ठेवते.

पेंडलबरी डोंगरात जाताना आपला काचेचा डोळा मेजावर ठेवून जात, असे सांगितले जाते. तो दिसला की स्वारी डोंगरात गेली असे मित्रांनी समजावे. ही कथा खरी असो वा नसो, ती लोकप्रिय का झाली हे पाहण्यासारखे आहे. ती एका उणिवेचे शौर्यचिन्हात रूपांतर करते. बखरीचे काम नेमके हेच असते. ज्या डोळ्यामुळे एक मुलगा वडिलांना सांभाळून पत्रे लिहीत असेल, तो डोळा कथेत आल्यावर त्याच्या निर्भयतेचा पुरावा ठरतो.

असे असले तरी प्रवासाचा आणि युद्धाचा संबंधच नाही, असे म्हणणे हीदेखील एकांगी भूमिका होईल. वाटा, झरे, गावांतील मानकरी आणि अंतरांचे तास ही माहिती जितकी पुरातत्त्वज्ञाला उपयोगी तितकीच सेनाधिकाऱ्याला. पहिल्या महायुद्धात डेव्हिड होगार्थ आणि जॉन मायर्स या पुरातत्त्वज्ञांचा ब्रिटिश सरकारने असाच उपयोग करून घेतला होता. ज्ञानाचे हे हस्तांतर नैतिकदृष्ट्या निरुपद्रवी नाही. परकीय संशोधकाकडे यजमान देशाने संशयाने पाहावे याला त्यातून कारण मिळते. क्रीटमध्ये मात्र हे ज्ञान आक्रमकाविरुद्ध आणि स्थानिकांच्या बाजूने वापरले गेले, म्हणून या प्रश्नाची धार तेथे जाणवत नाही.

हा फरक पत्रांच्या स्वरूपातही उतरतो. १९२८ मध्ये घरी लिहिताना वाटेचे नाव, गावाचे नाव, निघण्याची व पोहोचण्याची वेळ सांगणे हाच पत्राचा प्राण होता. १९४०-४१ मध्ये हिल्डा मुलांसह इंग्लंडमध्ये होत्या, आणि क्रीटमधून त्यांना लिहिताना नेमकी तीच माहिती सांगता येण्यासारखी नव्हती. लिहिणारा तोच, डोंगरही तेच. पण आता आराखडा पत्रातून हद्दपार झाला होता. घरी दिले जाणारे आश्वासन देणे आता शक्यच नव्हते. या शेवटच्या काळातील मौनाचे वजन ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने आधीची पत्रे त्यांच्या स्वतःच्या काळात ठेवून वाचली पाहिजेत. पहिल्या पत्रांतही भावी युद्धच शोधत राहिल्यास दोन्ही काळांतील फरक पुसून जातो.

ज्यांची पत्रे नाहीत

पत्रसंग्रह जितके सांगतो त्याहून अधिक वगळतो. पेंडलबरी एकटे चालले नाहीत. वाट दाखवणारे, खेचर हाकणारे, शेतात खापरे कोठे निघतात हे सांगणारे मेंढपाळ, मुक्कामाला घर उघडून देणाऱ्या स्त्रिया, कार्फीच्या अकराशे मीटरहून उंच शिखरावर काम करणारे त्सेर्मियाडोचे गावकरी, या साऱ्यांच्या ज्ञानावर ‘द आर्किऑलॉजी ऑफ क्रीट’ उभे आहे. त्यांचे ज्ञान तोंडी होते. ते पुस्तकात स्थळांच्या नावांच्या रूपाने आले; सांगणाऱ्याचे नाव बहुधा आले नाही.

क्नोसॉस येथील मुकादम मानोलाकी अकुमिआनाकिस हे एव्हन्स यांच्या काळापासून तेथे काम करीत होते. मे १९४१ च्या त्याच लढाईत क्नोसॉसजवळ तेही मारले गेले. दोघांचे आयुष्य एकाच स्थळाशी बांधलेले होते आणि दोघांचा मृत्यू एकाच लढाईत झाला. एकाची पत्रे अभिलेखागारात क्रमांक लावून ठेवलेली आहेत. दुसऱ्याला घरापासून दूर जावे लागले नाही, म्हणून घरी पत्र लिहिण्याचे कारणच पडले नाही. ‘घरी लिहिलेले पत्र’ हा प्रकार मुळातच दूर जाऊ शकणाऱ्याचा आहे. पत्रांवर आधारलेला ज्ञानशाखेचा इतिहास त्यामुळे आपोआप परक्यांचा इतिहास बनतो. या मर्यादेवर उपाय म्हणजे पत्रांतील उल्लेखांचाच उलट दिशेने उपयोग करणे : कोणत्या दिवशी कोण सोबत होते, कोणी कोणती वाट सांगितली, कोणाच्या घरी मुक्काम झाला, याची सूची करणे. ‘एजिप्टिआका’च्या कर्त्याने वस्तूंची जशी स्थळवार सूची केली, तशी त्याच्या पत्रांतील माणसांची सूची होण्याजोगी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रवासाचा आराखडा हा स्वतंत्र विचारास पात्र असा लेखनप्रकार असून पेंडलबरी यांच्या बाबतीत त्यातूनच त्यांच्या शास्त्रीय पद्धतीचा उगम दिसतो. घरचे पत्र निर्व्याज नसते. त्यातील उत्साह आणि मौन ही दोन्ही वाचकाला उद्देशून असतात. मृत्यूनंतर रचल्या गेलेल्या कथेने ही दोन्ही साधने आपल्या सोयीने वाचली, आणि त्या वाचनात संशोधक, त्यांच्या सहकारी स्त्रिया व क्रीटमधील सोबती मागे पडले.

राजवाडे यांनी अस्सल कागदाला बखरीहून वरचे स्थान दिले. त्याला येथे एक पुरवणी जोडावी लागते. कागद अस्सल असला तरी वाचणारा तो बखरीसारखा वाचू शकतो. शेवट विसरणे वाचकाला शक्य नसते. परंतु काही काळ तो बाजूला ठेवण्याची शिस्त त्याला लावून घेता येते. ती लावून घेतली, तर १९२८ च्या वसंतातील वाटेवर आपल्याला भावी हुतात्मा भेटत नाही. खापरांची पिशवी घेतलेला, तास मोजीत चालणारा आणि रात्री वडिलांना पत्र लिहिण्यासाठी बसणारा एक विद्यार्थी तेवढा भेटतो. त्याचे काम आजही उपयोगी पडते, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखे सर्वांत अधिक तेच आहे.